चोच लाल होती

"मॅडम, आधी हे सांगा, ही हिरवी कुठल्या देशाची?"

टेंबे साहेबांनी पिंजऱ्यावरचं पोतं ओढलं आणि मी काही बोलायच्या आत प्रश्न टाकला. आत चिमणीहूनही लहान पक्षी गच्च भरलेले. काही पोपटी हिरवे, काही राणी कलरचे, काही हळदीसारखे पिवळे. एकमेकांच्या अंगावर चढत होते, खाली पडत होते. तळाशी दोन-तीन मेलेले होते आणि बाकीचे त्यांच्यावरच उभे होते.

"कुठल्याच देशाची नाही," मी म्हटलं. "आपल्याच इथली. देपालपूरच्या बाजूला तलावांच्या काठी उंच गवत आहे ना, तिथली."

"काय बात करता मॅडम! हिरवी?"

"रंगवलीयत साहेब. हिरवीही आणि गुलाबीही. सगळा पक्षी एकच आहे."

मी जनावरांची डॉक्टर. इंदूरमध्ये माझं छोटं क्लिनिक आहे. कुत्री-मांजरं पोटासाठी बघते आणि पक्षी हौसेने शिकले. शहरात पक्ष्यांचं जाणणारे फार नाहीत, म्हणून कुठे पक्षी पकडले गेले की मला फोन येतो. मानधन मिळत नाही, चहा मिळतो. त्या ऑफिसचं नाव मी लिहीत नाही. उद्या परत त्याच लोकांकडे काम पडणार. टेंबे साहेब तिथले अधिकारी, आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इंदूरला राहिलेले मराठी, म्हणून माझ्याशी मराठीत बोलायचे. म्हणजे सुरुवात मराठीत व्हायची.

पक्षी भंवरकुआंला पकडले होते. तिथे कोचिंग क्लासवाली मुलं होस्टेलच्या खोल्यांतून राहतात. घरापासून लांब, दिवसभर पुस्तकात डोकं. अशा मुलांना एक माणूस सायकलवर पिंजरा लावून "फॉरेन का फिंच" म्हणून जोड्या विकत होता. कुणीतरी तक्रार केली, पिंजरा जप्त झाला, माणूस जामिनावर सुटला. पक्षी मात्र ऑफिसच्या मागच्या खोलीत आले. कायद्याच्या भाषेत ते आता मुद्देमाल होते. कोर्टाचा हुकूम येईपर्यंत त्यांना सोडता येत नव्हतं.

आणि हुकुमासाठी आधी हे ठरायला हवं होतं की पक्षी कुठला. आपल्याकडचा रानपक्षी पकडून विकणं हा गुन्हा आहे. परदेशी, पिंजऱ्यातच जन्मलेल्या फिंचचे नियम वेगळे. शिवाय परदेशी पक्षी इथल्या रानात सोडून देता येत नाही. तेव्हा देशी ठरले तर पक्षी सुटणार आणि विकणारा अडकणार. परदेशी ठरले तर उलटं. सगळं माझ्या एका सहीवर होतं आणि पिंजऱ्यात रोज एक-दोन मरत होते.

"मग लिहून द्या ना देशी," साहेब म्हणाले. "पण मला जरा समजवा. ओळखलं कसं?"

"चोचीवरून."

आता हे जरा सांगते, अवघड नाहीये. हा पक्षी म्हणजे लाल मुनिया. यातला नर पावसाळ्यात खरोखरच लाल होतो, अंगावर पांढरे ठिपके. तो रंगवावा लागत नाही, तसाच विकला जातो. मादी बिचारी भुरी, मातकट. तिला कोण विचारतो? म्हणून धंदेवाले लोक माद्यांना रंगात बुचकळून काढतात. पिसं रंग पितात. चोच गुळगुळीत असते, तिच्यावर रंग टिकत नाही, दाणे फोडता फोडता निघून जातो. त्यामुळे सगळं अंग खोटं झालं तरी चोच खरी राहते. लाल मुनियेची चोच या दिवसांत लालचुटूक, बारीक, वरच्या कडेला थोडी काळसर. इथे नेहमी दिसणारे मुनियांचे दुसरे प्रकार आहेत, त्यांच्या चोची राखाडी नाहीतर काळपट. आणि विकणारा ज्याचं नाव घेत होता तो परदेशी झेब्रा फिंच, त्याची चोच जाड आणि केशरी.

"ही पण केशरीच वाटतेय मला," साहेब म्हणाले.

"ट्यूबलाइटखाली वाटणारच. खिडकीशी या."

मी एक हिरवी मादी मुठीत धरली आणि खिडकीशी नेली. बाहेर भाद्रपदातलं मळभ होतं, पण उजेड पुरेसा होता. साहेबांनी चष्मा वर केला, खाली केला.

"लाल आहे," ते म्हणाले.

"आहे ना?"

"है तो लाल ही."

मी तिथेच बसून रिपोर्ट लिहिला. लाल मुनिया, माद्या, देशी, कृत्रिम रंग लावलेला, ओळख चोचीच्या लाल रंगावरून. सही केली, शिक्का मारला. वाटलं, चला, दोन दिवसांत सुटतील. घरी गौरी बसल्या होत्या, पुरणाचा घाट अर्धा टाकून मी आले होते. मी उठलेसुद्धा.

"एक प्रॉब्लेम आहे," साहेब म्हणाले.

यांच्याकडे मी उठल्याशिवाय प्रॉब्लेम कधी निघतच नाही.

"रिपोर्टसोबत फोटो लागतो. फोटोत हिरवा पक्षी, रिपोर्टमध्ये भुरी मादी. मॅजिस्ट्रेट साहेब मला विचारतील ना, टेंबे, कलर ब्लाइंड हो क्या?"

"रंग लावलाय असं लिहिलंय त्यात."

"लिहिलंय तुम्ही. दिसत तर नाही ना? पुस्तकातला फोटो आणि आपला फोटो मॅच झाला पाहिजे. साफ करून घेऊ एकदा."

"साहेब, पाणी अजिबात लावायचं नाही," मी म्हटलं. "मूठभर जीव आहे. पिसं भिजली की अंगातली ऊब जाते, मग हे पक्षी जगत नाहीत. रंग आपोआप जाईल, नवीन पिसं आली की."

"कधी येतात?"

"काही महिने लागतील."

"महिने!" साहेब हसले. "ठीक है, ठीक है. बघू."

दारात मुकेश भिया उभे होते. हे तिथले वनरक्षक; भिया म्हणजे इंदुरी भैया. पिंजऱ्याचं सगळं तेच बघायचे, कंगनीचे, म्हणजे राळ्याचे दाणे स्वतःच्या खिशातून आणायचे, पाण्याची वाटी दिवसातून चारदा बदलायचे. मी त्यांनाही बजावलं. "भिया, पानी नहीं. समझे ना?"

"आप चिंता ही मत करो मैडमजी," ते म्हणाले. "अपने बच्चों जैसे रखे हैं."

ते खोटं बोलत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मला महूला जायचं होतं. तिथे एका रिटायर्ड फौजी काकांची म्हातारी कुत्री पिल्लं होताना अडली होती. सकाळी ऑफिसला फोन केला तर साहेब म्हणाले, "कागद चल रहे हैं." मी निश्चिंत झाले. कुत्रीचं सगळं नीट झालं, काकांनी पोहे खाऊ घातले, मी खुशीत परत निघाले. वाटेत मोबाइलवर साहेबांचा फोटो आला. खाली लिहिलं होतं, "देखिए मॅडम, क्या साफ आई है."

मी गाडी बाजूला घेतली आणि फोटो मोठा करून बघितला.

भुऱ्या माद्या. एकही हिरवी नाही, एकही गुलाबी नाही. ओळीने टॉवेलवर बसवलेल्या, पिसं काट्यासारखी उभी, डोळे अर्धे मिटलेले. सगळ्यांनी चोची पाठीच्या पिसांत खुपसलेल्या. पक्ष्याचं अंग गार पडलं की तो असं करतो. साहेबांना त्या झोपलेल्या वाटल्या होत्या.

मी कशी गाडी चालवली मला आठवत नाही. डोक्यात नुसता जाळ होता. कुणाला काय काय बोलायचं ते सगळं मी वाटेत ठरवलं. मी जरा तोंडाळ आहे, घरचे म्हणतात तशी. त्या दिवशी ऑफिसचं छप्पर उडालं असतं.

मागच्या खोलीत पोचले तर पंखा फुल स्पीडवर होता. खाली चटईवर टॉवेल आणि टॉवेलवर पक्षी. मुकेश भिया उकिडवे बसून एकेकाला फडक्याने टिपत होते. शेजारी कोमट पाण्याची बादली आणि लहान मुलांच्या शाम्पूची बाटली. अर्धी संपलेली.

"पंखा बंद करा!" मी ओरडले.

ते दचकले. "सुखा रहा था मैडमजी."

"पानी नहीं बोला था ना मैंने?"

"ठंडा पानी नहीं लिया," ते म्हणाले. "गुनगुना किया, कोहनी से देखा. और साबुन भी नहीं लगाया. ये बच्चों वाला है, आँख में नहीं लगता." मग हळूच म्हणाले, "साहब ने बोला था साफ करके फोटो भेजो. मैंने सोचा कोई और करेगा तो रगड़ देगा. इसलिए मैंने ही किया."

मी पंख्याचं बटण स्वतःच बंद केलं. वाटेत ठरवलेलं यांना लागूच नव्हतं. या माणसाने आपली नात जशी आंघोळीला घ्यावी तशी एकेक मुनिया हातात घेतली होती. इंदूरच्या माणसाला घाण बघवत नाही, रस्ता असो की पक्षी, धुवायलाच जातो. रंग म्हणजे घाण, घाण धुतली की जीव सुखी होईल, इतकं सरळ गणित होतं त्यांचं. आणि पिसांवर तेलाचा एक हात असतो, तो शाम्पूने जातो आणि मग पाणी थेट कातडीपर्यंत पोचतं, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. मी "नाही" एवढंच सांगितलं होतं, आणि वरून साहेबांनी "हो" सांगितलं.

मी क्लिनिकमधून बल्ब मागवले. पुठ्ठ्याच्या खोक्यात ऊब केली, एकेकीला मऊ कागदात गुंडाळून ठेवलं, ग्लुकोजचे थेंब चोचीशी लावले. मुकेश भिया खोकं धरून बसले. पण उशीर झाला होता हो. हातात घेतलेली मादी हातातच मान टाकायची. आवाज नाही, फडफड नाही. एक ठेवली की दुसरी. शेवटी शेवटी मला कुठली मेलीय आणि कुठली जिवंत आहे ते बोटांनीच बघावं लागत होतं. मला रडू कोसळलं आणि मी ते लपवलंही नाही. भिया तर कधीपासूनच रडत होते.

वाचल्या त्या मोजक्याच. त्या धुतल्याच गेल्या नव्हत्या. अशा चपळ होत्या की भियांच्या हाती लागल्या नाहीत, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात चिकटून राहिल्या. त्या अजून हिरव्या आणि गुलाबी होत्या.

संध्याकाळी साहेब खोलीत आले. बघून त्यांचाही चेहरा उतरला, खोटं कशाला बोलू. खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "फोटो तरी चांगला आला."

मी बादलीतलं पाणी ओतून दिलं.

पण फोटो खरंच चांगला निघाला, कारण हुकूम लगेच आला. मुद्देमाल रानात सोडावा. उरलेल्या माद्या घेऊन मी आणि मुकेश भिया देपालपूरच्या वाटेवर गेलो, तलावाकाठी गवत बघून पिंजरा उघडला. त्या गेल्या. खरं तर मला त्या लावलेला रंग उतरेपर्यंत ठेवायच्या होत्या, मी अर्जही केला होता. हुकुमात "तत्काळ" लिहिलंय असं उत्तर आलं. त्या हिरव्यागार गवतात गुलाबी माद्या एवढ्या लांबून दिसत होत्या की शिकरा ससाण्याला शोधायला नकोच. भिया म्हणाले, "घर तो पहुँच गईं." मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

मला वाटलं, संपलं. पण काही आठवड्यांनी साहेबांचा फोन आला.

"मॅडम, तुमच्या रिपोर्टमध्ये छोटीशी मिस्टेक आहे. करेक्शन करून द्या."

"कसली?"

"तुम्ही चोच लाल लिहिलीय. ही तर लाल नाहीये."

मी गेले. मेलेल्या माद्या त्यांनी पुरावा म्हणून प्लास्टिकच्या डब्यात ठेवल्या होत्या, तो डबा फ्रीजमध्ये, आणि फ्रीज असा की पाऊस आला की लाइट जाते आणि ऑफिस सुटलं की कुणीतरी मेन स्विच पाडतं. झाकण उघडलं तर वास आला. पिसं गळून चिकटली होती. आणि चोची भुऱ्या, कडेला पिवळट. लाल नाही, केशरीही नाही.

"मेल्यावर रंग उडतो साहेब," मी म्हटलं. "हा लाल रंग जिवंतपणीचा असतो. मेलेल्या पक्ष्याची चोच फिकी पडते, हे पक्ष्यांचं बघणाऱ्या कुणालाही विचारा."

"वो मैं समझ गया. पण विकणाऱ्याचा वकील म्हणतो, रिपोर्टात लाल, डब्यात भुरी. मतलब रिपोर्ट दुसऱ्याच पक्ष्याचा आहे."

"मग तुमचा फोटो दाखवा की. साफ आलेला."

साहेबांनी फोटो काढला आणि माझ्यापुढे सरकवला. सगळ्यांच्या चोची पाठीत खुपसलेल्या. एकाही पक्ष्याची चोच त्यात दिसत नव्हती.

माझ्या मोबाइलमध्ये पहिल्या दिवसाचे फोटो होते. ते चालत नाहीत म्हणाले. पंचांसमोर काढलेले नाहीत, आणि शिवाय त्यात पक्षी हिरवे आहेत, डब्यात हिरवा एकही नाही.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मी रिपोर्टला एक ओळ जोडते. पक्षी जिवंत असताना चोच लाल होती, मृत्यूनंतर रंग गेला. झालं?"

मी पेन काढलं. साहेबांनी कागदावर हात ठेवला.

"ये लाइन नको मॅडम."

"का?"

"डब्यातले कसे मेले ते अजून कुणी विचारलं नाही. मृत्यू रिपोर्टात आला की विचारतील, मेले कसे? सरकारी ताब्यात मेले. आंघोळ कुणी घातली?" त्यांनी दाराकडे बघितलं. दाराबाहेर मुकेश भिया बसले होते, पेन्शनला थोडी वर्षं राहिलेला माणूस. "बेचारा नौकरी से जाएगा. सांगा, लिहायचं?"

"हुकूम तुमचा होता."

"लेखी नव्हता," साहेब म्हणाले. शरमून म्हणाले, पण म्हणाले.

मी पेनाचं टोपण लावलं. हा माणूस काही राक्षस नाही. घरी गणपती बसवतो, मला ताटभर मोदक पाठवले होते त्याने. त्याला केसही जिंकायची होती, नोकरीही सांभाळायची होती, आणि मॅजिस्ट्रेटसमोर हसंही करून घ्यायचं नव्हतं. त्या पिंजऱ्याभोवती पक्ष्यांचं वाईट चिंतणारा आमच्यात एकही नव्हता. आणि तरी डब्यात हे होतं.

"भुरी लिहा ना," साहेब समजुतीने म्हणाले. "एक शब्द तर बदलायचाय."

"भुऱ्या चोचीची लाल मुनिया नसते साहेब. ते लिहिलं तर ती आपली राहत नाही."

"मग काय लिहू?"

"जे होतं ते. चोच लाल होती."

मी शब्द बदलला नाही. ओळही जोडली नाही. भियांचा चेहरा समोर होता, माझ्याच्याने ते झालं नाही. शूरपणा अर्धाच जमला म्हणा. माझा रिपोर्ट बाजूला ठेवला गेला. बाहेरगावच्या कुणा दुसऱ्या तज्ज्ञाकडे डबा गेला. त्याचा तरी काय दोष? त्याने जिवंत पक्षी बघितलाच नव्हता, त्याच्यासमोर लगदा आला होता. त्याने लिहिलं, नमुना कुजलेला, प्रजाती निश्चित सांगता येत नाही. सायकलवाला सुटला. भियांची नोकरी राहिली. त्यांनी बदली मागून घेतली, आता ते रोपवाटिकेत असतात. भेटले की माझ्या क्लिनिकची, मुलांची चौकशी करतात. पक्ष्यांचं काही विचारत नाहीत.

या धंद्यात नव्याने येणारे डॉक्टर मला विचारतात, मॅडम, ओळख पटवायची कशी. मी त्यांना चोची शिकवते, राखाडी, काळी, केशरी, लाल. ते वहीत उतरवून घेतात. मग सांगते, आधी पक्षी तुमच्या ताब्यात मागा, सही नंतर करा. फोन आला की मी स्वतः पहिल्यांदा तेच मागते. नियमात बसत नाही म्हणतात. बसत नाही तर नाही, मी जाते, कारण मी गेले नाही तर चोच लाल होती एवढंही कुणी लिहिणार नाही. गेल्याच आठवड्यात एक पिंजरा होता. मी चोची बघितल्या, रिपोर्ट लिहिला, आणि निघताना दारात उभं राहून सगळ्यांना सांगितलं, पाणी लावू नका, शाम्पू लावू नका, पंखा लावू नका. सगळ्यांनी मान हलवली. अजून तिकडून फोन आलेला नाही, आणि मीही केलेला नाही.